पैसे भरून ‘ॲडमिटेड स्टुडंट डे’ला जावं का? माझा अनुभव

लेकीला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, पाठोपाठ ‘ॲडमिटेड स्टुडंट डे’चं निमंत्रण आलं, आणि निमंत्रणाच्या तळाशी बारीक अक्षरांत फी. विद्यार्थ्याचे ४५ डॉलर, सोबत येणाऱ्या प्रत्येक माणसाचे ३५. ‘तुम्ही आम्हाला हव्या आहात’ असं वर लिहायचं आणि खाली क्रेडिट कार्डाचा रकाना ठेवायचा, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि अजूनही पटत नाही. तरी लिहायला बसलोय, कारण एप्रिल उजाडला की ओळखीच्या घरांतून हाच फोन येतो: ‘अहो, जायलाच पाहिजे का त्याला?’

अमेरिकेत नेहमीच्या फेरीचे निकाल साधारण मार्चअखेरपर्यंत लागतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत डिपॉझिट भरून होकार कळवायचा असतो. मधल्या एप्रिलात विद्यापीठं प्रवेश मिळालेल्या मुलांना बोलावतात. स्वागताची भाषणं, कॅम्पसचा फेरफटका, वसतिगृहातली एक नटवलेली खोली, क्लबांचे स्टॉल, दुपारचं जेवण. पुष्कळ विद्यापीठांत हे सगळं फुकट असतं. आमच्या नशिबी फीवालं आलं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे निम्मी धास्ती जाईल. न गेल्यामुळे मिळालेला प्रवेश जात नाही. ‘आपण उत्सुक नाही असं त्यांना वाटेल’ ही भीती अर्ज करतानाची आहे. काही विद्यापीठं अर्जदाराने किती रस दाखवला हे बघतात. त्यांच्या ‘कॉमन डेटा सेट’मध्ये, म्हणजे विद्यापीठं स्वतःबद्दल ठरावीक नमुन्यात जी माहिती प्रसिद्ध करतात तिच्यात, सी-७ या तक्त्यात ते लिहिलेलंही असतं. पण एकदा हातात पत्र पडलं की तो हिशेब संपला. आता रस त्यांनी दाखवायचा.

खरं तर फी हा प्रश्नच नव्हता. आम्ही न्यू जर्सीत, विद्यापीठ मिडवेस्टमध्ये. विमानाची तिकिटं, एक रात्र हॉटेल, गाडीचं भाडं, यापुढे ती फी म्हणजे किरकोळ. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं: त्या दिवशी असं काय दाखवणार आहेत, जे एरवी फुकटात बघायला मिळणार नाही? त्यासाठी दिवसाचं वेळापत्रक हवं. बस, एवढंच हवं होतं. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं.

नोंदणीचा फॉर्म उघडला. आईवडिलांच्या टी-शर्टचा साइझ विचारला होता. जेवणात काय चालत नाही ते विचारलं होतं. या विद्यापीठाबद्दल पहिल्यांदा कुठे ऐकलंत, तेही विचारलं होतं. आणि वेळापत्रकाच्या जागी एकच ओळ: सविस्तर कार्यक्रम नोंदणी पूर्ण झाल्यावर पोर्टलवर दिसेल. नोंदणी पूर्ण कधी होणार? पैसे भरल्यावर. पैसे परत मिळणार? कोणत्याही कारणाने नाही.

मी फोन लावला. बराच वेळ होल्डवरची बासरी ऐकल्यावर एका मुलाने उचलला. आवाजावरून विद्यार्थीच असावा, अर्धवेळ काम करणारा. त्याला म्हटलं, बाबा रे, इंजिनिअरिंगच्या मुलांना त्या दिवशी प्रयोगशाळा दाखवणार आहेत का, एवढंच सांग. तो म्हणाला, सर, फेर्पामुळे आम्ही फक्त विद्यार्थ्याशी बोलू शकतो.

इथे माझं डोकं फिरलं. फेर्पा हा १९७४ चा कायदा आहे आणि तो विद्यार्थ्याच्या नोंदींच्या गोपनीयतेबद्दल आहे: मार्क, फी, शिस्तीची प्रकरणं. प्रयोगशाळा किती वाजता उघडणार, ही कुणाच्या मुलाची खासगी नोंद झाली? शिवाय जी मुलगी त्या विद्यापीठात अजून एक दिवसही शिकलेली नाही, तिला या कायद्याच्या व्याख्येत तिथली ‘विद्यार्थी’ धरतच नाहीत. हे सगळं मी त्याला शांतपणे सांगितलं. तितक्याच शांतपणे त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. समोर कागद ठेवून दिलेला असणार, तो ते वाचत होता.

मग लेकीने फोन करायचा ठरलं. ती दिवसभर शाळेत, आणि त्यांचं कार्यालय आमच्या घड्याळापेक्षा एक तास मागे, म्हणजे शाळा सुटल्यावर थोडी फट मिळायची. त्या फटीत लाइन नेमकी व्यग्र. एकदा लागली तर उत्तर आलं, ईमेल करा. ईमेल केला, तर क्षणात आपोआप उत्तर: आपले प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचे आहेत, कृपया नेहमीचे प्रश्न हे पान पाहा. त्या पानावर ‘दिवसभरात काय असतं?’ असा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर होतं: वेळापत्रक पाहा. तिथली लिंक पुन्हा लॉगिनवर. लॉगिन केलं की ‘आपली नोंदणी अपूर्ण आहे’. इकडे त्यांचे आठवणीचे ईमेल मात्र न चुकता येत होते: जागा झपाट्याने भरत आहेत, आजच नक्की करा. लेक वैतागून म्हणाली, ‘बाबा, भरून टाकू या ना, सुटू.’ अनेक घरांत याच क्षणी पैसे भरले जातात, आणि हा सगळा खटाटोप बहुधा त्यासाठीच असावा असा मला दाट संशय आहे.

त्यात भर म्हणजे फायनान्शियल एडचं, म्हणजे शिक्षणाच्या खर्चाला किती आर्थिक मदत मिळणार ते सांगणारं, पत्र आलेलंच नव्हतं. पोर्टलवर फक्त ‘तपासणी सुरू’. म्हणजे चार वर्षांचा खर्च किती, हे कळायच्या आधी आम्ही विमानाने जाऊन त्यांचं कौतुक करून यायचं. देण्याघेण्याची बोलणी व्हायची आहेत आणि केळवणाचं बोलावणं आलंय, तेही वर्गणी काढून, असा मामला.

कोंडी फुटली ती प्रवेश कार्यालयाला वळसा घालून. लेकीने विभागाची वेबसाइट उघडली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईंना थेट लिहिलं. तीन-चार ओळी: मला प्रवेश मिळालाय, मेकॅनिकलला, तुमच्या विभागाचा त्या दिवशी काय कार्यक्रम आहे, आणि तेव्हा जमलं नाही तर एरवी येऊन बघता येईल का? दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर, सोबत अख्ख्या दिवसाचं वेळापत्रक पीडीएफमध्ये. कुठलं गुपित नाही, लॉगिन नाही, फेर्पा नाही.

त्या पीडीएफमध्ये आमच्या कामाची एकच ओळ होती: इंजिनिअरिंग परिचय, १०:३० ते ११:२०, मोठं सभागृह. पन्नास मिनिटं, आणि तीही सगळ्या शाखांना मिळून. प्रयोगशाळा नाहीत. बाकी दिवसभर स्वागत, बँड, स्टॉल, जेवण, फोटो. शिवाय वार शनिवार. शनिवारी वर्ग भरत नाहीत, प्राध्यापक घरी, वर्कशॉपला कुलूप. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी या, एका वर्गात बसवते, एक विद्यार्थी सोबत देते. पैसे? काही नाही.

इथे आमचा निर्णय झाला. लेकीच्या शाळेला स्प्रिंग ब्रेक होता तेव्हा गेलो, सोमवारी. मात्र तिकीट काढण्यापूर्वी विद्यापीठाचं ॲकॅडमिक कॅलेंडर जरूर बघा. दोघांच्या सुट्ट्या एकाच वेळी आल्या तर ओस कॅम्पस बघून परत याल. लेक थर्मोडायनॅमिक्सच्या वर्गात बसली. मी बाहेर बाकावर. वर्ग सुटल्यावर सोबतच्या मुलीने तिला वर्कशॉपमध्ये नेलं. तिथे रेसिंग गाडीच्या सांगाड्यावर काही मुलं वाकलेली होती, हात काळे, आणि वेल्डिंगवरून कडाक्याचं भांडण चाललेलं. लेकीने विचारलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना इथे हात लावू देतात का? एकाने मान वर न करता सांगितलं, ‘झाडू आधी, मग बाकीचं.’ तेवढं उत्तर तिला पुरलं. परतीच्या वाटेवर ती त्याच भांडणाबद्दल बोलत होती.

फायनान्शियल एडच्या कार्यालयाची वेळ आम्ही आधीच घेतली होती. तोवर पत्र आलं होतं. तिथे मुलगी सोबत होती, त्यामुळे फेर्पाचा विषयच निघाला नाही. यावरून आठवलं: पहिल्या दिवसापासून सगळे फोन आणि ईमेल मुलांच्याच नावाने करा, स्पीकर चालू ठेवून मुलांनी सुरुवातीला ‘माझे वडील सोबत आहेत’ म्हटलं की झालं. बरीच कार्यालयं मग खळखळ करत नाहीत.

पत्र वाचताना सावध राहा. अमेरिकी काँग्रेससाठी तपासणीचं काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०२२च्या अखेरीस अहवाल दिला होता की अंदाजे ९१ टक्के कॉलेजं एडच्या पत्रात खरी निव्वळ किंमत देतच नाहीत किंवा ती कमी दाखवतात. हिशेब स्वतःच मांडायचा. शिक्षणशुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास हे सगळं धरायचं आणि त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करायची. कर्ज वजा करायचं नाही. वर्क-स्टडीही नाही, ते काम करून मिळवायचे पैसे आहेत. काही पत्रांत पालकांच्या नावचं पॅरेंट प्लस कर्जही ‘मदत’ म्हणून बेरजेत घातलेलं असतं. घरची परिस्थिती बदलली असेल, नोकरी गेली असेल, दवाखान्याचा मोठा खर्च झाला असेल, तर कागदपत्रं जोडून फेरविचार मागता येतो. तो अधिकार एडच्या अधिकाऱ्याला असतो. आम्ही मागितला. थोडी रक्कम वाढली. समोर बसून बोलल्यामुळे वाढली की कागदांमुळे, सांगता येणार नाही.

आता, कुणी जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. त्याच दिवशी स्कॉलरशिपची किंवा ऑनर्स प्रोग्रामची मुलाखत असेल, तर डोळे झाकून पैसे भरा. मुलांना वसतिगृहात एक रात्र ठेवणार असतील, तरी फीचे पैसे वाया गेले म्हणणार नाही. गाडीने दीड-दोन तासांवर असेल आणि मुलं-मुली पुढच्या चार वर्षांच्या सोबत्यांना बघायला आसुसली असतील, तरी जा. कॅम्पसवर गेल्यावर मुलांचा चेहरा बरंच काही सांगतो. पण ‘गेलो नाही तर काही बिघडेल’ म्हणून जाऊ नका. आणि दोन्ही पालकांनी जायची गरज नाही. माझी बायको घरी राहिली आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सगळ्यात नेमके प्रश्न तिनेच विचारले.

अजून एक. उन्हाळ्यात ओरिएंटेशन असतं. पुष्कळ ठिकाणी ते सक्तीचं आणि त्याचीही फी. नोंदणीची माहिती, आयडी कार्ड, वसतिगृहाचे नियम, हे सगळं तिथे पुन्हा सांगतातच. टी-शर्टसुद्धा तिथे मिळतो.

पैशांची खरोखर अडचण असेल तर फी माफ होते का, हे लेखी विचारा. काही विद्यापीठं अशा मुलांचा प्रवासखर्चही उचलतात, पण ते जाहिरातीत नसतं, विचारावं लागतं. अर्जाची फी माफ झाली असेल तर तेही ईमेलमध्ये लिहा. होकाराच्या डिपॉझिटमध्ये सवलत मागण्यासाठी ‘नॅकॅक’ या कॉलेज प्रवेशाच्या समुपदेशकांच्या संघटनेचा वेगळा फॉर्म असतो, शाळेच्या काउन्सेलरकडे चौकशी करा. मान्य करायचं की नाही ते विद्यापीठ ठरवतं.

आम्ही डिपॉझिट अखेर तिथेच भरलं. प्रवेश कार्यालयावरचा राग मेकॅनिकल विभागावर काढायचं काही कारण नव्हतं. भरल्यावर पोर्टलमध्ये गंमत म्हणून बघितलं, तर त्या शनिवारच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक आता दिसत होतं. कार्यक्रम होऊन गेला होता.

हो, आणि आठवड्यातल्या दिवशी गेलात तर पार्किंगचं आधी बघा. शनिवारी सहसा अडचण येत नाही, पण सोमवारी सकाळी कॅम्पसवर गाडी लावायला जागा शोधण्यात आमची पाऊण तासाची धावपळ झाली. कोऑर्डिनेटर बाईंना पार्किंगचंही आधी लिहिलं असतं तर त्यांनी पाहुण्यांचा पास काढून ठेवला असता, असं त्याच म्हणाल्या.