खालून पाहिलेलं विमान

शनिवार, ५ जुलै

सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, म्हणून विश्रांतवाडीच्या घराचा माळा अखेर रिकामा करावा लागला. दोन पितळी घंगाळी, बाबांचा सायकलचा पंप, माझ्या दहावीच्या गाइडांचा गठ्ठा आणि त्याखाली सुतळीने बांधलेला तो डबा. आई म्हणाली, "हे तुझं विमान ना? मला वाटलं, केव्हाच केलंस."

नव्हतं केलं. मामाने मस्कतहून आणलं तेव्हा मी आठवीत होतो. बाबा म्हणाले, दहावी होऊ दे. मग बारावी होऊ दे. मग कुठेतरी प्रवेश मिळू दे. त्यापुढे कोणी अडवलं नाही, मीच विसरलो.

मिग-२९ या सोव्हिएत लढाऊ विमानाचं प्लास्टिकचे भाग जोडून करायचं किट, एकास बहात्तर मापाचं. म्हणजे सतरा मीटरचं विमान जेमतेम २४ सेंटिमीटरचं होणार. डब्यावर बर्फ, लाल तारे आणि मोठ्या अक्षरांत 'फल्क्रम'. हे नाव नाटोने ठेवलेलं. त्या वर्षी आम्हाला विज्ञानात तरफ होती. बाबांनी चष्मा लावून डबा वाचला आणि म्हणाले, "अरे, फल्क्रम म्हणजे टेकू." लढाऊ विमानाला टेकू म्हणायचं! मला तो वैयक्तिक अपमान वाटला होता. आपल्या हवाई दलाने त्याचं नाव 'बाज' ठेवलं हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

रविवार, ६ जुलै

सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुतले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे रंग धरत नाही. डब्यातल्या गमची ट्यूब दगड झाली आहे. डिकलचा, म्हणजे विमानावर उतरवायच्या चिन्हांचा, कागद पिवळाधमक, जुन्या लग्नपत्रिकेसारखा. कॉकपिटची काच मात्र शाबूत, एक चरा नाही. माळ्यावरचा अंधार तिला मानवला असावा.

पंखाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत साल आहे, १९८७.

मंगळवार, ८ जुलै

ऑफिसातून आल्यावर विमानाच्या धडाचे दोन भाग नुसते जुळवून पाहिले, गम न लावता. वरून ठीक. उलटं केलं आणि काहीतरी खटकलं. काय ते कळायला वेळ लागला.

पोट चुकलं आहे.

मिग-२९ची दोन इंजिनं एकमेकांपासून फटकून असतात. दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये रुंद, खोल घळ. या किटमध्ये ती घळ म्हणजे पन्हाळीएवढा खळगा, आणि इंजिनं जुळ्या भावांसारखी चिकटलेली. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९८७ मध्ये ही विमानं आमच्या शेजारच्या लोहगावच्या हवाई तळावर आली, अठ्ठावीस आणि सत्तेचाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, आणि पुढची काही वर्षं आमच्या गच्चीवरून जात राहिली. शाळेत बाई वाक्याच्या मध्येच थांबत, खडू फळ्याला टेकवून. आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू. क्रियापद यायचं राहिलेली कितीतरी वाक्यं मी त्या शांततेत मनातल्या मनात पूर्ण केली आहेत आणि बहुतेक चुकीची. इतर गावांतली पोरं विमानाचं चित्र काढताना बाजूने काढत. आम्ही पोट काढायचो, दोन नळ्या आणि मधली काळी पट्टी.

बुधवार, ९ जुलै

काल रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो. मिग-२९चं पहिलं उड्डाण १९७७ मधलं. पश्चिमेकडच्यांना ते दिसलं आकाशातून, उपग्रहाच्या फोटोत, मॉस्कोजवळच्या रामेन्स्कोयेच्या धावपट्टीवर. नाव माहीत नाही, म्हणून त्या जागेवरून तात्पुरतं नाव दिलं 'राम-एल'. (आपल्याकडे एखाद्या गोष्टीत राम आहे की नाही हे ठरायला फार वेळ जातो. याच्यात तो पहिल्या दिवसापासून होता.) नंतर कितीतरी वर्षं सगळी चित्रं अंदाजाने काढलेली. जवळून नीट फोटो मिळाले ते जुलै १९८६ मध्ये, सहा मिग-२९ फिनलंडच्या कुओपियो-रिसाला तळावर भेटीला गेली तेव्हा. आणि सोव्हिएत संघाबाहेर ती विकत घेणारा पहिला देश आपलाच.

म्हणजे माझ्या किटचा साचा कोरणाऱ्याच्या टेबलावर वरून काढलेले धूसर फोटो आणि कुणाची तरी कल्पनाचित्रं असणार. त्याने वरचं जमवलं, खालचं अंदाजाने भरून काढलं. अगदी त्याच सुमारास विश्रांतवाडीच्या गच्चीवर पायजम्यातलं एक पोरगं, ज्याला वरचं काही ठाऊक नव्हतं पण पोट पाठ होतं. आम्ही दोघं भेटलो असतो तर एक पूर्ण विमान झालं असतं.

शनिवार, १२ जुलै

बोहरी आळी. छत्री सांभाळत वॉटर पेपर घेतला, चारशे आणि हजार नंबरचा, एम-सील, छर्रे आणि पातळ चिकटवण. दुकानदाराने विचारलं, "पाइप गळतोय का?" विमानाचं पोट कापायचंय म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. हो म्हणालो.

ठरवलं ते असं. जे मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच दुरुस्त करायचं. वरच्या बाजूलाही चुका आहेत. खरं विमान जमिनीवर असताना पुढची हवेची तोंडं झाकली जातात, खडे-कचरा इंजिनात जाऊ नये म्हणून, आणि हवा पंखांच्या मुळाशी वर असलेल्या फटींतून आत ओढली जाते. किटमध्ये त्या फटींचा पत्ताच नाही. पण त्या फटी मी कधी पाहिलेल्या नाहीत, नुसत्या वाचल्या आहेत. तिथे साचा कोरणाऱ्याचा शब्द शेवटचा.

सोमवार, १४ जुलै

खळगा सरळ कोरला तर प्लास्टिक आरपार जाईल, जाडी मिलिमीटरभरच. म्हणून आतून एम-सील थापलं, एक दिवस वाळू दिलं आणि मग बाहेरून गोल कानस चालवली. घरभर पांढरी भुकटी. बायको काही बोलली नाही, फक्त डायनिंग टेबलाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी गॅलरीत गेलो.

गुरुवार, १७ जुलै

दोन्ही भाग चिकटवले. हा पातळ द्रव गमसारखा चिकटत नाही, प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. फटीला ब्रशचं टोक लावायचं, तो आपोआप आत धावतो. बोटाचा ठसा शेपटीवर कायमचा उमटला आहे. राहू दे, घासायला गेलो तर रेषाच जाईल.

रविवार, २० जुलै

डिकलचा पिवळेपणा उन्हाने जातो. कागद पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवायचा, बस. पण पुण्यात, जुलैत! आज आठवा दिवस, ऊन एकूण मिळून असेल दीड तास. आई पाहून म्हणाली, "पावसाळ्यात कसलं वाळवण घातलंयस?"

शनिवार, २६ जुलै

मुलीने तिच्या प्रिंटरवर भारतीय चक्रं छापून दिली. पहिल्या खेपेला हिरवं बाहेर आणि केशरी आत केलं होतं. केशरी बाहेर, मग पांढरं, हिरवं मधोमध, असं सांगितलं तर म्हणाली, "लढाऊ विमानाला कोण इतकं जवळून बघणार?" तेच तर.

जुने डिकल पाण्यात घातले की तुकडे होतात, म्हणून आधी वरून पारदर्शक लॅकर मारलं. तारे टिकले. फिकट पिवळी कड राहिली आहे, पण करड्या रंगावर ती चालून जाते.

तर आता पंखांवर वरच्या बाजूला लाल तारे आहेत आणि खाली आपली चक्रं. माझा एक मित्र वीस वर्षं किट बनवतो. त्याला फोटो पाठवला तर लगेच फोन. "अरे, हे कुठल्या देशाचं विमान? एक काहीतरी ठरव." मी म्हटलं, उपग्रहातून बघ आणि मग आमच्या गच्चीवरून बघ. तो म्हणाला, स्पर्धेत ठेवू नकोस. ठेवणार नव्हतोच.

रविवार, २७ जुलै

चाकं बसवली, वाळली. सकाळी दहाला विमान पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभं केलं.

नाक वर, शेपूट खाली. टण्‌कन बसलं.

सूचनेप्रमाणे नाकात छर्रे भरले होते, वजन करून भरले होते. पण सूचना लिहिणाऱ्याला माझं एम-सील कुठे माहीत? ते सगळं मागच्या चाकांच्याही मागे. चाकं मध्ये, पुढे छर्रे, मागे माझं पोट. आठवीचा धडा, आकृतीसकट. आता नाक उघडायचं तर जोड फोडावा लागेल, रंग जाईल, काचही जाईल. पुढच्या चाकाच्या खोबणीतून छर्रे ढकलता येतात का पाहिलं, तिथे वाट नाही. अर्धा तास मी त्याला हळूच पुढे दाबत होतो आणि ते परत मागे रेलत होतं.

आई पूजा आटोपून बाहेर आली. थोडा वेळ बघत उभी राहिली. "नीट उभं नाही राहत का?" मी म्हटलं, मागे जड झालंय. ती आत गेली, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि येऊन तिने शेपटीखाली एक सुपारी सरकवली. थोडी मोठी होती. दुसरी आणली, ती बसली.

"बाबांनी काय सांगितलं होतं रे त्याचं नाव?" तिने विचारलं.

"टेकू," मी म्हणालो.

"हां," म्हणाली, आणि पहिली सुपारी घेऊन देवघरात गेली.