तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुन्हा कौन्सिलात का गेले नाही

"पुन्हा का नाही गेलात?" मंडळाच्या गणपतीत आरतीला उभं असताना कुणीतरी विचारतंच. साताऱ्याहून वहिनी फोनवर विचारतात. ज्यांनी तेव्हाचा व्हिडिओ पाहिला तेही विचारतात, आणि ज्यांनी नुसतं ऐकलं तेही. दर वेळी मी "वेळच होत नाही हो" म्हणून विषय बदलते. ते खरं नाही. आता एकदा लिहूनच टाकते.

आमचं पेन्सिल्व्हेनियातलं गाव लहान आहे. कौन्सिलचे सात सभासद, महिन्यातून दोन मंगळवारी संध्याकाळी सात वाजता सभा. आधी हातोडा, मग प्रार्थना, मग झेंड्याची शपथ, मग हजेरी, आणि त्यानंतर गटारं, पार्किंग, बर्फ काढायचं कंत्राट. एप्रिल 2017 मध्ये त्या प्रार्थनेच्या जागी उभं राहून मी पसायदान म्हटलं आणि सातातले तिघे उठून बाहेर गेले. इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं तुम्ही आपापल्या मनाने जोडलंत: अपमान झाला म्हणून गेली नाही, नवऱ्याने अडवलं, घाबरली. यातलं काहीच नाही.

मी गेले होते कशी, ते आधी सांगते. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ ग्रीस नावाचं गाव आहे. तिथे 1999 पासून सभेच्या आधी प्रार्थना व्हायची आणि कितीतरी वर्षं म्हणणारे सगळे ख्रिस्तीच असायचे. दोन बायकांनी तक्रार केली, एक ज्यू, दुसरी देव न मानणारी. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे 2014 मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला: प्रार्थना चालू राहू दे, ती ख्रिस्ती असली तरी हरकत नाही, पण दार कुणालाही बंद करू नका. त्यानंतर आमच्या कौन्सिलनेही लेखी नियम केला. कुठल्याही धर्माच्या माणसाने अर्ज करावा, पाळी येईल.

अर्ज करायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. फेब्रुवारी 2017 मध्ये कॅन्ससमध्ये ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनिअरला एका बारमध्ये गोळी घातली. मारणारा "माझ्या देशातून चालते व्हा" असं ओरडला होता. त्याला अडवायला धावलेला इयन ग्रिलट नावाचा गोरा तरुणही गोळी लागून जखमी झाला. आठवडाभर आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. शेजारी निवृत्त शिक्षिका राहतात, मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती आहेत, मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणते. त्या अर्जाचा कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "लोकांना तुम्ही दिसायला हव्यात." मला ते पटलं.

पसायदान निवडताना मी फार विचार केला नव्हता. शाळेत म्हणायचो, पाठ होतं. शिवाय त्यात कुणाचं वाईट मागितलेलं नाही. दुष्टांचा नाश होवो असं त्यात नाही, त्यांचा वाकडेपणा जावो असं आहे. सगळ्या जगासाठी मागणं आहे, मग हरकत कोण घेईल? हे मी तेव्हा खरंच बोलले होते, नवऱ्याला, गाडीत. त्या गाडीतल्या बाईचा, म्हणजे माझाच, मला अजून राग येतो. आपण निरुपद्रवी आहोत हे पटवून दिलं की लोक आपल्याला बसायला जागा देतील, असं तिला वाटत होतं.

सभागृहात पन्नासेक लोक होते. एरवी दहा असतात. मी मेंदी रंगाची साडी नेसले होते आणि ब्लेझर घातला होता, कारण एप्रिलमध्येही तिथे गारठा असतो. माझं नाव पुकारलं, चुकीचं पुकारलं, मी माइकपाशी गेले. तेवढ्यात उजवीकडच्या तीन खुर्च्या सरकल्या. तिघेही शांतपणे उठले, कोट सावरत बाजूच्या दाराने बाहेर गेले. त्या दाराला काच आहे. पलीकडे ते उभे दिसत होते. एक जण फोन बघत होता. एकाची पाठ होती. तिसरा माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डॉक्टरकडे बसलेला माणूस आत कधी बोलावतील याची वाट बघतो, तसं तो बघत होता.

मी सुरुवात केली. दुसरी ओवी संपता संपता मागच्या रांगेतून एक पुरुष मोठ्याने ख्रिस्ती प्रार्थना म्हणू लागला, स्वर्गातल्या पित्याची. त्याच्याबरोबर आणखी सहा-सात जण. ओरडत नव्हते. प्रार्थनाच म्हणत होते, नीट, एका सुरात. आणि माझी पुढची ओळ गेली. लहानपणापासून पाठ असलेली ओळ! मी कागदाकडे पाहिलं, तर कागदावर फक्त इंग्रजी भाषांतर होतं. मराठी मला येतं म्हणून लिहून नेलंच नव्हतं. मी तीनेक ओव्या गाळून इंग्रजीवर आले, ते भरभर वाचलं आणि खाली बसले. अध्यक्षांनी आभार मानले. त्यांनी मागच्या लोकांना थांबवलं नाही.

मग झेंड्याची शपथ. दार उघडलं, तिघे आत आले, आपापल्या खुर्चीमागे उभे राहिले, छातीवर हात ठेवला. "ईश्वराच्या छत्राखाली एक राष्ट्र", हे शब्द त्यात 1954 मध्ये घातले गेलेत, आणि शेवटी "सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय". त्यांचे आवाज खणखणीत होते. मीही म्हटली शपथ, मीही या देशाची नागरिक आहे. पण "सर्वांना" या शब्दाशी माझी जीभ अडली, आणि ती अडली याचंच मला वाईट वाटलं. शपथ माझीही होती ना.

सभा संपल्यावर त्या तिघांतले एक माझ्याकडे आले. हात पुढे केला. म्हणाले, यात वैयक्तिक काही नाही, माझ्या विवेकाचा प्रश्न होता, तुमच्यासारखी माणसं आपल्या गावात आहेत याचा आम्हाला आनंदच आहे. मी त्यांचा हात हातात घेतला आणि "थँक यू" म्हटलं.

त्या "थँक यू"बद्दल मी स्वतःशी जितकं भांडले आहे तितकं नवऱ्याशीही कधी भांडले नाही. एक मन म्हणतं, बरोबरच केलंस. त्यांना ऐकायचं नव्हतं, ते उठून गेले, शिवीगाळ केली नाही. न ऐकण्याचं स्वातंत्र्य हेही स्वातंत्र्यच. उद्या एखादी प्रार्थना मला नको असेल तर मीही उठेन की. हे मला पटतं, अजूनही पटतं. मग दुसरं मन म्हणतं, अगं, ते तिथे भाविक म्हणून बसले नव्हते, माझ्या वॉर्डाचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. माझ्या घरासमोरचं गटार तुंबलं तर मला त्यांच्याच पुढे उभं राहायचं आहे. हीच माणसं दर निवडणुकीत धर्मस्वातंत्र्य धोक्यात आहे म्हणून मतं मागतात. कुणाचं धर्मस्वातंत्र्य? त्यांना आपला धर्म सरकारी माइकवर हवा आहे आणि दुसऱ्याचा आला की विवेक आठवतो. याला मी ढोंग म्हणते. सभ्य आवाजात केलं म्हणून ते काही वेगळं होत नाही.

आणि हे आमच्या गावापुरतं नाही. 12 जुलै 2007 ला वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली. राजन झेद हे हिंदू पुरोहित बोलायला लागताच प्रेक्षागॅलरीतून तिघांनी आरडाओरडा केला, त्यांना अटक करावी लागली. आयडाहो राज्याच्या सिनेटमध्ये 2015 साली तेच झेद प्रार्थनेला आले, तेव्हा तिथले तीन सिनेटर बहिष्कार घालून बाहेर राहिले. ॲरिझोनात फीनिक्सला 2016 मध्ये सैतानाचं नाव लावणाऱ्या एका गटाची पाळी आली, तर कौन्सिलने बोलून होणारी प्रार्थनाच बंद करून मौन सुरू केलं आणि थोड्याच दिवसांत ती परत आणली, पण आता फक्त पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पाद्र्यांसाठी. दार सगळ्यांना उघडं म्हणायचं, आणि नको तो माणूस उंबऱ्याशी आला की दारच हलवायचं. मला त्या गटाबद्दल काडीचं प्रेम नाही. पण नियम म्हणजे नियम.

एवढं झाल्यावर मी पुन्हा गेले असते. खरं सांगते. पसायदान नीट लिहून नेलं असतं आणि शेवटच्या ओवीपर्यंत म्हटलं असतं. मराठी लोकांनी फोन करून "कशाला नसती उठाठेव, ताई" म्हटलं होतं, त्यामुळे तर हट्टच वाढला होता.

पण ऑक्टोबरमध्ये शेजारच्या गावातल्या मशिदीच्या इमामांची पाळी आली. तारीख 17, मंगळवार, धनत्रयोदशी. आठवडाभर आधी गावात पत्रकं फिरू लागली, काय होती ते इथे लिहीत नाही. बाईंचा फोन आला. "बोलायचं काही नाही. फक्त पहिल्या रांगेत बसायचं. एप्रिलमध्ये तुमच्यासाठी मी बसले होते, आठवतंय ना?" मी म्हटलं, येते.

मी फार्मासिस्ट आहे. त्या दिवशी सहाला दुकानातून सुटले आणि थेट कौन्सिलच्या पार्किंगमध्ये गेले. पावणेसात वाजले होते. दारापाशी पंचवीस-तीस माणसं पाट्या घेऊन उभी होती. त्यांच्यामधून इमाम आत गेले, बरोबर त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलाने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला होता. मला बाई दिसल्या, त्या मागे वळून रस्त्याकडे बघत होत्या. माझ्यासाठीच बघत असणार. मी गाडीतून उतरले नाही. सात वाजून पाच मिनिटांनी गाडी मागे घेतली आणि घरी येऊन चकलीचं पीठ मळलं.

का? वर्षानुवर्षं मी स्वतःशी म्हणत आले की पाट्यांची भीती वाटली. नाही. एप्रिलमध्ये मी न घाबरता उभी होते. मला भीती होती ती मुसलमानांमध्ये मोजलं जाण्याची. 2001 च्या सप्टेंबरमध्ये ॲरिझोनातल्या मेसाला बलबीरसिंग सोढी या शीख माणसाला त्याच्या पेट्रोल पंपावर मारलं, पगडी बघून, मुसलमान समजून. तेव्हा आम्ही काय केलं? गाडीला झेंडा लावला आणि भेटेल त्याला सांगू लागलो, आम्ही हिंदू आहोत, आम्ही ते नव्हे. सोळा वर्षं आम्ही हे एकच वाक्य म्हटलं. त्याचा सरळ अर्थ असा होतो की "ते" असते तर मारलं तरी चाललं असतं. हे मला तेव्हा कळलं नाही असं म्हणणार नाही. कळत होतं.

त्या रात्री मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बरं झालं आपल्यातलं कुणी गेलं नाही." खाली पंधरा अंगठे. मी अंगठा दिला नाही. खोडूनही काढलं नाही. काही लिहिलंच नाही.

वहिनी, तुम्ही म्हणता, "मग परत या, तिकडे कशाला राहता?" तुमच्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने देताना आडनाव विचारतात की नाही? मला भांडायचं नाही. पण तिथे येऊन मी कुठल्या तोंडाने बोलू?

पुढे ग्रीसच्या खटल्याचा निकाल मी पूर्ण वाचला. विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्ती एलेना केगन यांनी त्यात एक उदाहरण दिलं आहे: एक मुस्लिम नागरिक साध्या कामासाठी, एखाद्या परवान्यासाठी, गावच्या बोर्डापुढे येते. तेवढ्यात ख्रिस्ती प्रार्थना सुरू होते. तिने आता काय करावं? सगळ्यांबरोबर मान खाली घालावी, की उठून बाहेर जावं आणि मग त्यांच्याच पुढे परवाना मागावा? मी ते पान कितीदा वाचलं. इतकी वर्षं वाटायचं की त्या खोलीत ती बाई मी आहे. त्या मंगळवारी मी खोलीतच नव्हते. काचेच्या पलीकडे उभे राहिलेले ते तिघे निदान इमारतीत होते.

डिसेंबरमध्ये कौन्सिलने नियम बदलला. आता फक्त पोलीस दलाचे पाद्री प्रार्थना म्हणतात. तेव्हा "पुन्हा का गेला नाहीत" याचं एक सोपं उत्तर हेही आहे, की तशी पाळीच उरली नाही. पण पाळी उरली नाही तरी नागरिकांना बोलायला तीन मिनिटं असतातच. त्या तीन मिनिटांत उभं राहून नियम का बदलला हे मी विचारू शकले असते. आजही विचारू शकते. विचारायला हवं असं सकाळी वाटतं, आणि संध्याकाळी वाटतं की विचारण्याचा हक्क मी त्या पार्किंगमध्ये घालवला. बाई म्हणतात, हक्क असा जात नसतो. असेलही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

हात मिळवणारे ते सभासद दुकानात येतात. इमामही येतात. कोण कशासाठी येतं ते मी सांगणार नाही. दोघांनाही जन्मतारीख विचारते, पिशवी देते, औषध जेवणाआधी की नंतर ते सांगते. इमाम दर वेळी घरच्यांची चौकशी करतात. गेल्या महिन्यात म्हणाले, मुलगा आता कायद्याच्या शाळेत आहे. मी म्हटलं, वा, छान. मागे रांग होती.

मी तेव्हा पार्किंगमध्ये होते, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.