फोटोबरोबर आलेला पत्ता

ही गोष्ट २०२२ च्या नोव्हेंबरमधली आहे. तुळशीची लग्ने लागून पंधरवडा झाला होता, म्हणजे वधू-वर सूचक मंडळांचा ऐन हंगाम सुरू होता. पुण्यातल्या अशाच एका मंडळाचे वेब अॅप्लिकेशन आमच्या पाच जणांच्या कंपनीने तयार केले होते आणि त्यातले फोटो घेणे, तपासणे, साठवणे आणि दाखवणे हे सगळे काम माझ्याकडे होते. मंडळाच्या संचालिका निवृत्त शिक्षिका असल्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणत. एरवी त्यांचा फोन संध्याकाळी येई. त्या दिवशी तो सकाळी पावणेनऊला आला.

"एका मुलीचा पत्ता बाहेर गेला आहे. तुमच्याकडून गेला की आमच्याकडून, तेवढं मला आधी सांग," असे त्या म्हणाल्या.

मंडळाचा नियम साधा होता. दोन्ही घरांनी होकार कळवल्याशिवाय एकमेकांचा पत्ता आणि फोन नंबर दिसत नसे. तोपर्यंत माहिती, पत्रिका आणि फोटो एवढेच पाहता येई. आदल्या रविवारी मात्र एक कुटुंब, ज्याला मुलीकडून अजून काहीच कळवलेले नव्हते, थेट तिच्या घरी जाऊन उभे राहिले. "इकडूनच चाललो होतो, म्हटलं भेटून जावं," असे कारण त्यांनी सांगितले. कांदेपोह्यांचा दिवस ठरण्याआधीच पाहुणे दारात आले होते. मुलीच्या वडिलांनी चहा देऊन त्यांची बोळवण केली आणि निघताना पत्ता कुठून मिळाला असे विचारले, तेव्हा मुलाच्या आईने अगदी सहज उत्तर दिले, "फोटोतच तर आहे."

हे वाक्य बाईंनी मला जसेच्या तसे सांगितले होते, तरी मी ते ऐकून सोडून दिले, याची अजूनही लाज वाटते. मी पुढचे दोन तास नोंदी चाळण्यात घालवले. त्या मुलीची माहिती कोणी, केव्हा उघडली, मंडळाच्या कार्यालयातून कोणी पत्ता पाहिला का, हे सगळे तपासले. पत्त्याच्या रकान्याला कोणीही हात लावलेला नव्हता. मग एकदाचा तिचा मोठा फोटो उतरवून घेतला आणि तो एक्झिफटूल नावाच्या साधनातून पाहिला.

फोनने काढलेल्या जेपेग फाइलमध्ये चित्राच्या आधी एक्झिफ नावाचा छोटा कप्पा असतो. कॅमेऱ्याचे नाव, तारीख, वेळ, प्रकाशाचे आकडे अशा नोंदी त्यात असतात आणि कॅमेऱ्याला ठिकाण वापरण्याची परवानगी दिलेली असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. या फाइलमध्ये ते अंश, मिनिटे आणि सेकंदांत लिहिलेले होते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि फोनने सेकंदाचेही शंभरावे भाग लिहून ठेवले होते. प्रत्यक्ष जीपीएस इतके अचूक नसते, पण मोकळ्या गच्चीवर उभे राहून काढलेल्या फोटोसाठी इमारत ओळखण्याइतके नक्कीच असते. मुलाच्या आईने काही शोधून काढलेलेही नव्हते. फोटो आपल्या फोनमध्ये साठवून तिने तो वर सरकवला आणि गॅलरीने आपणहून खाली नकाशा दाखवला.

ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये बेलीझच्या पोलिसांना टाळून पळालेल्या, अँटिव्हायरसवाल्या जॉन मॅकॅफीचा फोटो एका मासिकाने प्रसिद्ध केला आणि त्यातल्या याच नोंदीवरून तो ग्वाटेमालात असल्याचे जगाला कळले, हा किस्सा मी स्वतः नवीन मुलांना रंगवून सांगत असे. आमची अपलोडची तपासणी कडक आहे असाही माझा समज होता. फाइलचे नुसते नाव न पाहता ती खरोखर चित्राची आहे का हे सांगणारे तिचे पहिले बाइट आम्ही तपासत होतो, आकाराला मर्यादा घातली होती, फोटोच्या नावाखाली कोणी दुसरेच काही सर्व्हरवर चढवणार नाही याची खबरदारी घेतली होती. तो सगळा बंदोबस्त वाईट हेतूने येणाऱ्यासाठी होता. सरळ माणसाने आपल्या मुलीचा फोटो दिला तर त्या फाइलमधून आणखी काय येते, हे मी पाहिलेच नव्हते. यादीत दिसणारे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल, आम्ही नवे तयार करत होतो. "मोठा फोटो पाहा" यावर बोट ठेवले की मात्र मूळ फाइल जशीच्या तशी समोरच्याच्या हाती जात होती.

सगळे फोटो तपासणारी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. साडेचार हजारांच्या आसपास फोटोंपैकी सहाशेहून अधिक फोटोंत ठिकाणाची नोंद निघाली. ती राहते की जाते हे फोन, त्यातली सेटिंग आणि फोटो कोणत्या वाटेने आला यांवर अवलंबून असते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते आणि त्या गडबडीत एक्झिफचा कप्पा गळून पडतो. त्यामुळे असे अंधुक फोटो देणारी कुटुंबे सुरक्षित राहिली होती. अडकले होते ते आमच्या अर्जावरची सूचना पाळणारे. "व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो देऊ नये, कॅमेऱ्यातील मूळ फोटो द्यावा" हे वाक्य, फोटो अस्पष्ट दिसतात अशी तक्रार आल्यावर, सहा महिन्यांपूर्वी मीच तिथे घातले होते.

त्या तपासणीत आणखी एक गोष्ट हाती लागली. एक्झिफच्या कप्प्यात फोटोची छोटी प्रतही असते आणि फोटो कापणारी काही साधने ती बदलत नाहीत. एका फाइलमध्ये मोठ्या चित्रात मुलगी एकटी होती आणि त्या छोट्या प्रतीत तिच्या शेजारी, खांद्यावर हात ठेवलेला, दुसरा कोणीतरी उभा होता. मी ती खिडकी तत्काळ बंद केली आणि ते नाव विसरण्याचा प्रयत्न केला.

दुपारी दोनपर्यंत उपाय तयार झाला. अॅप्लिकेशन पायथन या भाषेत लिहिलेले होते आणि चित्रांसाठी पिलो ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरलेली होती. पिलोने जेपेग उघडून पुन्हा साठवली की आपण मुद्दाम दिल्याशिवाय एक्झिफ नव्या फाइलमध्ये जात नाही, म्हणून प्रत्येक फोटो उघडायचा, पुन्हा साठवायचा आणि तीच नवी प्रत दाखवायची, असे ठरले. मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर काढलेला माझा फोटो टाकून पाहिला. नोंद गेली, चित्र उत्तम राहिले. थंबनेलची यादीही पाहिली, तीही ठीक होती. अडीचला नवा कोड चढवला आणि जुन्या फोटोंवर स्क्रिप्ट सोडली.

स्क्रिप्टने पहिल्या वीस मिनिटांतच सर्व्हर पाडला. फाइल चार-पाच एमबीची दिसली तरी १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेलचे तीन बाइट धरून मेमरीत किमान ३६ एमबी होतात. घाईत मी आठ फोटो एकाच वेळी उघडत होते आणि त्यांत १०८ मेगापिक्सेलचे काही निघाले, म्हणजे एकेकाला किमान सव्वातीनशे एमबी. दोन जीबीच्या आमच्या सर्व्हरवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरी वाचवण्यासाठी चालू अॅप्लिकेशनच मारून टाकले. मग एकेक फोटो घेऊन निमूटपणे काम चालवले.

साडेसहाला बाईंचा दुसरा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. "अगं, सगळ्या मुली झोपल्या आहेत," त्या म्हणाल्या.

मोठा फोटो उघडल्यावर निम्म्याहून अधिक माणसे खरोखरच आडवी दिसत होती. फोन उभा धरला तरी त्यातला सेन्सर चित्र आडवेच टिपतो आणि "दाखवताना हे फिरवा" अशी सूचना एक्झिफमध्ये १ ते ८ पैकी एका आकड्याने लिहून ठेवतो. ६ असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० अंश. ब्राउझर ती सूचना पाळतो म्हणून मूळ फाइल सरळ दिसत होती. पत्ता असलेला कप्पा फेकताना मी ती सूचनाही फेकून दिली होती. कोकणकड्याचा फोटो मुळातच आडवा काढलेला होता, आणि थंबनेल तयार करणारी लायब्ररी चित्र आधी सरळ करून घेत असल्याने यादीत काहीच बिघडलेले नव्हते. थोडक्यात, ज्या दोन ठिकाणी दोष दिसणे शक्य नव्हते, नेमकी तीच दोन ठिकाणे मी तपासली होती.

आमच्या वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारला, "मूळ फाइल्स कुठे आहेत?" जुन्या फोटोंच्या मूळ फाइल्स मी वेगळ्या, बाहेरून न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या, त्यामुळे पिक्सेल आधी खरोखर फिरवून मगच साठवण्याची एक ओळ घालून त्या सर्व प्रती पुन्हा तयार करता आल्या. अडीच ते साडेसहाच्या दरम्यान नव्याने आलेल्या फोटोंची मात्र मूळ प्रत कुठेच ठेवली गेली नव्हती. असे २३ फोटो मी आणि एका सहकाऱ्याने डोळ्यांनी पाहून, डोके कुठे आणि जमीन कुठे हे ठरवून, हाताने फिरवले.

सव्वानऊला लाल शालू विटका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा मला हसूच आले. आयफोन डिस्प्ले पी-३ या अधिक रुंद रंगपट्ट्यात फोटो साठवतो आणि ते सांगणारी रंगाची प्रोफाइलही फाइलमध्येच असते. पिलोने तीही गाळली होती, म्हणून ब्राउझर ते आकडे नेहमीच्या, कमी रुंद एसआरजीबी रंगपट्ट्याचे समजून फिके दाखवत होता. रंग आधी एसआरजीबीत बदलून घेतले आणि तिसऱ्यांदा सगळ्या प्रती केल्या.

उरले होते जुने दुवे. सीडीएनच्या, म्हणजे फोटो लवकर पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या, कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) मूळ फाइल्स ३० दिवस राहणार होत्या, त्या मुद्दाम काढून टाकल्या, आणि १, २, ३ अशा ओळखता येणाऱ्या क्रमांकांऐवजी फाइल्सना यादृच्छिक नावे दिली. ज्यांनी फोटो आधीच उतरवून घेतले होते त्यांच्या फोनमधून काही परत आणता येणार नव्हते. हे त्या सगळ्या कुटुंबांना कळवायला हवे असे आम्ही म्हटले, तेव्हा बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मंडळावरचा विश्वास उडेल, अशी त्यांना भीती होती. अखेर पत्र त्यांनीच लिहिले, आणि आमच्या मसुद्यातले "तांत्रिक अडचणीमुळे" हे शब्द खोडून तिथे "आमच्या चुकीमुळे" असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वडिलांनी नवा फोटो पाठवला आणि पाठोपाठ मला फोन केला. जुना फोटो दुरुस्त झाला आहे, तोच ठेवला तरी चालेल, असे मी त्यांना सांगितले.

"नको मॅडम," ते म्हणाले, "हा घरात भिंतीपुढे काढला आहे. जुन्यात मागे आमच्या सोसायटीची पाटी दिसत होती."

मी जुना फोटो उघडून मोठा केला. तिच्या डाव्या खांद्यामागे, कठड्याच्या पलीकडे, खालच्या फाटकावरची पाटी दिसत होती आणि तिच्यावरचे नाव स्वच्छ वाचता येत होते.