आमची वाटचाल : लाइन पंपापासून कॉमन रेलपर्यंत

फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ईएमई दलातून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि साताऱ्यात गाडीच्या इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपांच्या दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं. पहिला जोडीदार माझ्याच युनिटचा नायक. १९९९ ला कारगिलच्या वेळी द्रासच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या आम्ही रात्री, दिवा न लावता, हाताच्या अंदाजाने चालू केलेल्या. त्याला गावाकडे एकच नोकरी मिळत होती : सोसायटीच्या गेटवर वही आणि शिट्टी. मी ओढूनच आणला.

टेस्ट बेंच, म्हणजे पंप चढवून तपासायचं यंत्र, जुना घेतला; नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, तपासायचा टेस्टर मात्र नवा. नायक आधी कान लावायचा. हँडल मारल्यावर चांगलं नोझल कर्र करून बोलतं, फवारा धुक्यासारखा सुटतो. टोकाला थेंब धरला की सुई गेली. मग पंप बेंचवर. तेव्हा सगळे लाइन पंप, दर सिलिंडरला वेगळी नळी. आधी फेजिंग, म्हणजे कुठल्या नळीत तेल कधी सुटतं ते जुळवायचं, नंतर कॅलिब्रेशन, म्हणजे किती सुटतं ते. सहाही नळ्यांत तेल सारखं पडेपर्यंत रॅक, म्हणजे तेल कमी-जास्त करणारी पट्टी, सोडायचा नाही.

पुढची वर्षं बरी गेली. मग समोरच एकाने दुकान थाटलं, भिंतीवर आयटीआयची सर्टिफिकेटं फ्रेम करून. ऊस वाहतुकीच्या गाड्यांचं आमचं वर्षाचं काम त्याने नेलं. मॅनेजर म्हणाला, ‘‘तुमच्या माणसांचे कागद कुठायत?’’ पंधरा वर्षांवर फौजेच्या गाड्या उघडलेला माणूस, फौजेच्या डिस्चार्ज बुकात ट्रेड, म्हणजे कामाचं कसब, लिहिलेला, तो कागद नव्हे! तेवढ्यात एप्रिल २०२० ला बीएस-सहा, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम आला, वर लॉकडाऊन. नव्या डिझेल गाड्यांत लाइन पंप नाही, कॉम्प्युटरने चालणारी कॉमन रेल यंत्रणा. कॉमन रेलच्या बेंचसाठी बँकेने कर्ज नाकारलं, कारण तेच, सर्टिफिकेट नाही. शटर ओढायचीच वेळ आली होती.

तारलं ते खडी क्रशरवाल्या आबांनी. ‘‘सर्टिफिकेट काय पंपात घालायचंय?’’ म्हणाले आणि वर्षभराच्या कामाची उचल हातात ठेवली. त्यांचे टिपर आजही दुसरीकडे जात नाहीत.

तेव्हापासून सैनिक कल्याण कार्यालयाच्या प्रत्येक मेळाव्यात मी एकच मागतो : जवानाचा ट्रेड तपासून आयटीआयच्या तोडीचं प्रमाणपत्र तो युनिटमध्ये असतानाच हातात द्या. राज्याच्या गट क आणि ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा आहेत, दहावी पास जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पदवी समकक्ष दाखलाही मिळतो. पण तो दाखला खाजगी कंपनीत दाखवून बघा! माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स चांगले, पण आमच्या पोरांना कळतात घरी आल्यावर. आणि आता अग्निवीर, चार वर्षांसाठीच भरती झालेले. चार वर्षांनी चारातला फार तर एक ठेवणार. बाकीच्या पंचविशीतल्या पोरांनी काय गेटवर बसायचं?

बाबांनो, सेवानिधी (अग्निवीराला शेवटी मिळणारी रक्कम) किंवा कम्युटेशनची (पेन्शनचा भाग विकून एकदम मिळणारी) रक्कम स्कॉर्पिओत घालू नका. सुट्टीवर आलात की वर्कशॉपमध्ये हात काळे करा.

कॉमन रेलचा बेंच शेवटी आबांच्याच जामिनावर आला. समोरचा शेजारी हल्ली त्याच्याकडे न जुळणारे पंप गुपचूप आमच्याकडे पाठवतो. आम्ही बिल पूर्ण लावतो.