पश्चिमेची भिंत

रत्नागिरीत मी फ्लॅट भाड्याने लावून देतो. मालक बहुतेक मुंबई-ठाण्याला, किल्ल्या माझ्याकडे. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन होतो, अंगठे लागतात, ते कुणालाही जमतं. खरा कस लागतो तो ताबा परत घेताना, डिपॉझिटमधून किती कापायचं ते ठरवताना.

सप्टेंबरअखेर एका सिस्टरनी फ्लॅट सोडला. कोल्हापूरला बदली झाली होती. इथे त्यांनी दोन पावसाळे काढले. डिपॉझिट ४०,००० रुपये. काकांनी, म्हणजे मालकांनी, डोंबिवलीहून कापायची यादी पाठवली: रंग १८,०००, किचन ट्रॉली ९,५००, बेसिन २,८००.

बेसिन सिस्टरच्या हातून फुटलं होतं, त्यांनी आपणहून सांगितलं. दोन टाइल्सना ड्रिलची भोकं होती, ती मीच यादीत घातली, ७०० रुपये. ट्रॉलीचं मात्र मला पटेना. क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गंजणार नाहीत तर काय? नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारायची नाही, हे करारातच लिहिलेलं असतं. मालक सही करतात, वाचत कुणीच नाही.

राहिली बेडरूमची पश्चिमेची भिंत. खिडकीखाली काळी बुरशी, रंगाचे पोपडे. "खोलीत कपडे वाळत घातले असणार," काका फोनवर म्हणाले.

घातले होतेच. जिथे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे कपडे वाळवायचे कुठे? पण खोलीतल्या दमटपणाची बुरशी वरवरची असते, ओल्या फडक्याने निघते, खालचा रंग शाबूत राहतो. इथे गिलावा फुगला होता, पांढरा लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, बाहेर आला होता. नाण्याने ठोकलं तर आवाज पोकळ. मी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. बाहेर जाऊन बघितलं, खिडकीवरच्या सज्जाला बोटभर भेग. पोपडा खरवडला तर खाली पुट्टीने बुजवलेले जुने पोपडे निघाले. ही ओल सिस्टर येण्याआधीची होती.

काकांना सगळे फोटो पाठवले. त्यांनी उलट एकच फोटो पाठवला: ताबा देताना मीच काढलेला. मे महिन्यातला. कोरडी, गुळगुळीत, ताज्या क्रीम रंगाची भिंत. "तूच काढलायस ना रे? तेव्हा भिंत चांगली होती."

फोटो खरा होता. इथली भिंत मेमध्ये काहीच सांगत नाही, ती बोलते जुलैत. हे मला ठाऊक असून मी पावसाळ्यात एकदाही पुन्हा फोटो काढायला गेलो नव्हतो.

माझ्या हिशेबाने ३,५०० कापायला हवे होते. शेवटी १२,००० वर तुटलं. सिस्टरना कोल्हापूरच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं, त्या भांडत बसू शकत नव्हत्या. "जाऊ दे दादा, उरलेले आज मिळतील ना?" एवढंच विचारलं. मुद्रांक शुल्क मोजताना सरकार या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरतं. त्या व्याजातला रुपयाही भाडेकरूच्या हाती पडत नाही, वर मुद्दलही असं जातं. वरचे ८,५०० माझ्या फोटोने गेले, हे डोक्यातून जात नाही.

परवा काकांचा फोन: रंग झाला, नवीन भाडेकरू बघ. जाऊन पाहिलं. भिंत पुन्हा क्रीम, सज्जाची भेग तशीच. नव्या ताबा-यादीत पहिली ओळ मी लिहिली: बेडरूम, पश्चिम भिंत, रंगाखाली जुनी ओल, सज्जाला भेग. यादी काकांना पाठवून चार दिवस झाले. सही अजून आलेली नाही.