नारळाची कुस्ती

रविवारी पंचवटीत मिसळ खाताना मामांशी पुन्हा तोच वाद झाला. मामा एकेकाळचे तालमीतले पैलवान, आता गुडघ्याला पट्टा. बॉक्सिंगमध्ये मोठ्या लढतीआधी हेवीवेटने, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटातल्या बॉक्सरने, एखादी हलकी लढत खेळावी, असं मी म्हणालो की त्यांचा पापड तिथेच मोडतो.

"शंभर किलोच्या गड्याचा एक ठोसा बसला की खेळ खल्लास. कशाला फुकटची जोखीम?"

मुद्दा खोटा नाही. 1990 साली टोकियोत जगज्जेता टायसन बस्टर डग्लसशी खेळायला उतरला तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात पुढची होलीफिल्डची लढत होती. दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर हात फिरवत मुखरक्षक शोधत होता. 2019 मध्ये जगज्जेत्या जोशुआचंही तेच. ऐनवेळी आलेल्या अँडी रुईझने त्याला सातव्या फेरीत संपवलं, आणि लोक तोवर दुसऱ्या जगज्जेत्याशी, वाइल्डरशी, लढत कधी, याच गप्पा मारत होते.

पण मामा, हे दोघे काही वर्षभर घरी बसून आले नव्हते. मी बोलतोय गंज चढलेल्यांबद्दल.

माझंच सांगतो. कावीळ होऊन आठ महिने रिंगबाहेर होतो. मामा तेव्हा म्हणाले होते (आता कबूल करत नाहीत), आधी एखादी छोटी लढत घे. मी सरळ स्पर्धेत उतरलो, 91 किलोच्या वरच्या गटात. दम राहील की नाही याची भीती होती, पण घात अंतराने केला. डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, दर वेळी चार बोटं अलीकडेच संपायचा. बॅगवर तर रोज कडाकडा बसत होता! पण बॅग मान मागे घेत नाही ना. दुसऱ्या फेरीत दमही गेला, तिसरीची आठवण नको.

स्पारिंगने, म्हणजे सरावाच्या लढतींनी, हे भरून निघतं असं म्हणतात. थोडं निघतं. पण तिथे हातात 16 औंसांचे ग्लोव्हज, डोक्याला हेडगार्ड, समोरचा ओळखीचा. व्यावसायिक हेवीवेटला लढतीत 10 औंसांचे ग्लोव्हज आणि डोकं उघडं.

फ्युरीचं बघा. 2015 ला तेव्हाच्या जगज्जेत्या क्लिच्कोला हरवल्यावर अडीच वर्षं रिंगबाहेर, वजन अफाट वाढलेलं. 2018 च्या जूनमध्ये परतीची लढत सेफेरीशी, तो चार फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठलाच नाही. ती लढत म्हणजे चेष्टाच होती. ऑगस्टमध्ये पियानेटाशी, पूर्ण दहा फेऱ्या. मला विचाराल तर कामाची हीच, कारण पाय किती वेळ चालतात ते कळलं. डिसेंबरात वाइल्डरने बाराव्या फेरीत आडवा केला तरी गडी उठला आणि लढत बरोबरीत सोडवली.

मामांना त्यांच्याच भाषेत विचारलं, "जत्रेत रेवड्यांच्या, नारळाच्या कुस्त्या आधी आणि मोठ्या इनामाची शेवटी. का?"

"त्या पोरांच्या असतात. मोठा पैलवान नारळासाठी उतरत नाही."

"आजारातून उठलेला उतरतो."

मामांनी रश्शाची वाटी तोंडाला लावली, सावकाश खाली ठेवली. "मग 2023 ला तुझा फ्युरी त्या पिंजऱ्यात लढणाऱ्या एन्गानूसमोर तिसऱ्या फेरीत पडला कसा? त्याची तर ती पहिलीच बॉक्सिंगची लढत होती ना? नारळाचीच की ती."

लढत शेवटी फ्युरीनेच जिंकली, पण तेही जेमतेम, पंचांचं एकमत नसताना. हे मामांना सांगून काय उपयोग? बिल मी दिलं.