एलसीडी का नाही लावत?

माझं जुनं आर्केड कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायचं व्हिडिओ गेमचं मशीन, पाहिलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो: "एवढी खटपट करण्यापेक्षा एलसीडी का नाही लावत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट सांगतो. लावला होता, जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या जागी. नऊ महिने होता तो आत.

कॅबिनेट पॅकमॅनचं, १९८० सालच्या खेळाचं. घेतलं तेव्हा चित्र कडांना आत ओढलेलं होतं आणि त्यातून एक अंधूक पट्टा सतत वर सरकायचा. चाळीस वर्षांत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकले होते, एवढंच. पडद्यावर खेळातला चक्रव्यूह कायमचा उमटलेला, मशीन बंद असतानाही दिसायचा. तो मला आवडायचा.

कपॅसिटर बदलायला आत हात घालायचा होता. भीती होती ती विजेची. मशीन बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. म्हणून स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ती फ्रेमला जोडली आणि ॲनोडच्या, म्हणजे ट्यूबला जास्त व्होल्टेज मिळतो त्या जोडाच्या, रबरी टोपीखाली पातं सरकवलं. टक्क आवाज झाला. खात्रीसाठी पुन्हा एकदा केलं. मग निर्धास्त झालो, आणि तिथेच घात झाला. ट्यूबच्या मानेवर मागून एक छोटा बोर्ड बसतो. तो सरळ मागे ओढायचा असतो. माझा पांढऱ्या सिलिकॉनने चिकटवलेला होता. ते आधी ब्लेडने कापायला हवं होतं. हे मला माहीत होतं. रात्र झाली होती, आजच संपवायचं होतं, बोर्ड हलेना. मी तो किंचित डावीकडे-उजवीकडे हलवला. पिनांच्या मधोमध काचेचं एक बारीक टोक असतं. कारखान्यात तिथूनच हवा काढून घेऊन ट्यूब सील करतात. ते मोडलं. मोडल्याचा आवाज फारसा झालाच नाही. ऐकू आली ती हवा आत जाताना. सूऽऽ, बराच वेळ. मी बोट लावून ते थांबवायला गेलो. बोटाने काय थांबणार होतं?

"ट्यूब आधीच गेलेली होती," असं मी नंतर दोघांना सांगितलं. ते खोटं होतं.

मग एलसीडी आला. हलका, कमी तापणारा, कडेपर्यंत स्वच्छ. त्याआधी मी ठासून सांगायचो की एलसीडीवर जॉयस्टिकला उशिरा प्रतिसाद मिळतो. लावल्यावर मला तो उशीर जाणवला नाही. तो मुद्दा मी सोडला. पण या खेळाचं चित्र उभं, २२४ बाय २८८ ठिपक्यांचं. २८८ ठिपके पॅनेलच्या १०२४ ठिपक्यांमध्ये ताणले की प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीनच्या आसपास येतात, म्हणून काही जाड होतात, काही बारीक. खेळ सेकंदाला ६०.६ चित्रं काढतो आणि माझं पॅनेल ६० दाखवायचं. दीड-पावणेदोन सेकंदांनी एक चित्र गळायचं. पॅनेल उभं फिरवल्यामुळे डावीकडून पाहिलं तर एक रंग, उजवीकडून दुसरा. हे सगळं खरं आहे. चांगलं पॅनेल घेतलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं, हेही खरं आहे.

मी ते घेतलं नाही. त्याच आकाराच्या जुन्या टीव्हीची ट्यूब शोधली, सॉकेट आणि हीटरचा (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेचा) व्होल्टेज जुळतोय हे पाहून. जुनं योक, म्हणजे किरण वळवणारं तारांचं वेटोळं, तिच्या मानेवर चढवलं आणि लाल, हिरवा, निळा एका जागी आणायला तीन रात्री मानेवरच्या चुंबकी कड्या फिरवत बसलो. खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल अजून सुटतोच.

हे चित्रासाठी केलं की त्या रात्रीची भरपाई म्हणून? विचारणाऱ्याला मी चित्राचंच कारण देतो. नव्या ट्यूबवरही चक्रव्यूह उमटेल म्हणून मशीन तासाभरात बंद करतो. एलसीडी होता तेव्हा ते दिवसभर चालू असायचं आणि येणारा-जाणारा खेळायचा. त्यांच्यातलंच कुणीतरी परवा पुन्हा विचारलं.